नरांच्या पिंजऱ्यांचे दहा दिवस

चाचा, गेल्या आठवड्यात चिकलठाण्याच्या एका कॉलेजात मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय त्यांनीच दिलेला: नर आणि मादी, त्यांचं वागणं आणि त्यांचा मेंदू. निवृत्त प्राध्यापकाला असं बोलावणं येतं ते बहुतेक वेळा आधी ठरलेला पाहुणा ऐनवेळी येत नाही म्हणून. तरी मी गेले, शाल आणि नारळ घेतला, तासभर बोलले. मुलं मोबाइल बघत होती, पण अदबीनं, मांडीवर धरून. शेवटी एका मुलीनं उठून विचारलं, "मॅडम, हे सगळं तुम्हाला पहिल्यांदा कुणी शिकवलं?" मी सरांचं नाव घेतलं. चाळीस वर्षांच्या सवयीनं तोंडात आलेलं नाव. परतताना रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की आपण पुन्हा तेच केलं. सरांनी मला सूक्ष्मदर्शक शिकवला, मेंदूचे काप करायला शिकवलं, प्रबंध कसा लिहायचा ते शिकवलं. पण त्या दिवशी मी व्यासपीठावरून जे सांगितलं, त्यातलं कामाचं वाक्य तुमचं होतं. ते वाक्य तुम्ही ॲनिमल हाऊसमध्ये बाटल्या धुता धुता म्हणाला होतात, आणि त्या वाक्यापायी तुमची तिथून गेटवर बदली झाली. तुमच्यावर पिंजरे उलटसुलट केल्याचा ठपका आला. तो ठपका खोटा होता आणि तो खोटा आहे हे फक्त मला माहीत होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर हे लिहायला बसले आहे, यात शौर्य काही नाही, तेवढं मला कळतं.

तुमचं ॲनिमल हाऊस म्हणजे विभागाच्या मागची पत्र्याची खोली. उन्हाळ्यात खिडक्यांना पोत्यांचे ओले पडदे, जमिनीवर वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा, कोपऱ्यात भिजत घातलेले हरभरे, आणि भिंतीला लागून पांढऱ्या उंदरांचे पिंजरे. उजवीकडे नर, डावीकडे माद्या. एम.एस्सी. झाल्यावर मी सरांकडे संशोधनाला आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला तुमच्याकडे पाठवलं, पिल्लांमधले नर-मादी ओळखायला शिकून ये म्हणून. एका मुलीला हे कसं शिकवायचं याची तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त लाज वाटत होती. तुम्ही एक गुलाबी पिल्लू तळहातावर उताणं ठेवलंत, दुसऱ्या हाताच्या करंगळीनं शेपूट बाजूला केलंत आणि खिडकीबाहेर बघत म्हणालात, "बेटा, नाव काय घ्यायचं नाय. दोन ठिपक्यांमधलं अंतर बघ. लांब असलं तर पोरगा. जवळ असलं तर पोरगी. बस." मी वीस पिल्लं बघितली, चार चुकली. तुम्ही चारही पिल्लं पुन्हा माझ्यापुढे ठेवलीत आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागलात. आठवड्याभरात माझी एकही चूक होईनाशी झाली. पुढे मी कित्येक विद्यार्थ्यांना हे शिकवलं, तक्ते काढून, मोठ्या मोठ्या संज्ञा वापरून. तुमच्याइतकं लवकर कुणाला शिकवता आलं नाही.

सरांचा प्रयोग साधा होता. एक लाकडी पेटी, मध्ये जाळी. जाळीच्या पलीकडे अनोळखी उंदीर ठेवायचा, अलीकडे आपला सोडायचा आणि तो पाहुण्याजवळ जाऊन जाळीला नाक लावेपर्यंत किती वेळ जातो ते स्टॉपवॉचवर बघायचं. माद्या चटकन जात. नर कोपऱ्यात अंग चोरून बसत, मग भिंतीच्या कडेकडेनं सरकत आणि कितीतरी वेळानं जाळीपाशी पोचत. सरांचं म्हणणं असं की हा फरक जन्माच्या आधीच मेंदूत कोरलेला आहे. त्यासाठी आम्ही मेंदूचे काप करून रंगवायचो, आणि तिथंही फरक दिसायचा. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक पुंजका असतो, तो नरात मादीपेक्षा ठळक मोठा असतो. हे खरंच आहे. मी ते माझ्या डोळ्यांनी शेकडो वेळा पाहिलं आहे. एकदा दुपारी तुम्हालाही सूक्ष्मदर्शकातून दाखवलं होतं. तुम्ही बराच वेळ डोळा लावून बसलात आणि मग विचारलंत, "ह्यात डर कुठं असतो?" मला तेव्हा सांगता आलं नाही. आज थोडंफार सांगता येईल.

आता ज्या गोष्टीपायी सगळं झालं ती. नर कुणी हाताळायचे आणि माद्या कुणी, हे आमच्या विभागात ठरलेलं होतं. मुलींनी माद्या, मुलांनी नर. कुठं लिहिलेलं नव्हतं, पण लिहिलेलं असतं तर कदाचित कुणी मोडलंही असतं. नराला हातात घ्यायचं, उताणं करून तपासायचं, तेही चार मुलांच्या देखत, हे मुलीच्या घरी कळलं तर तिचे वडील दुसऱ्या दिवशी नाव काढून घेतील, अशी सरांना धास्ती होती. माझ्या वडिलांच्या बाबतीत ती रास्त होती. मला शेताच्या बांधावरून कॉलेजात पाठवताना त्यांनी गावातल्या निम्म्या लोकांशी वैर घेतलं होतं. तेव्हा माद्या माझ्याकडे आल्या आणि नर माझ्याबरोबरच्या मुलाकडे. तो वाळूजचा. वाळूज तेव्हा निव्वळ गाव होतं, कंपन्या पुष्कळ नंतर आल्या. बैलाला न घाबरणारा हा गडी उंदराला मात्र भलता भ्यायचा. पहिल्याच महिन्यात एक उंदीर त्याच्या बोटाला कडकडून चावला, तेव्हापासून तो चामड्याचा जाड हातमोजा घालून पिंजऱ्यात हात घालायचा, शेपटीला धरून उंदीर उपसायचा आणि पेटीत टाकायचा. मी तुमच्याकडून शिकले होते तशी मादीच्या पोटाखाली हात सरकवायची आणि ती तळहातावर बसली की मग उचलायची. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहून हे रोज करत होतो आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं सरांना, त्या मुलाला किंवा मला एकदाही वाटलं नाही. तिघंही शिकलेले.

तुम्हाला वाटलं. तो मुलगा बहिणीच्या लग्नासाठी दहा दिवस गावी गेला तेव्हा नरांचं काय करायचं असा प्रश्न आला. सर म्हणाले, चाचा उंदीर पेटीत सोडतील, तू फक्त वेळ बघ. पहिल्या दिवशी तसंच झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही दार लोटून घेतलंत आणि म्हणालात, "बेटा, हात लाव. तूच घे ह्यांना. इथं कोण बघायलंय?" मी म्हटलं, सर रागावतील. तुम्ही म्हणालात, "सरला कोण सांगतंय? एक बार घेऊन तर बघ. लई शरीफ लेकरं हाईत ही, त्या मोज्यानं बिघडवलेत." मी घेतलं. पहिले दोन-तीन दिवस ते माझ्या हातातही थरथरत होते. मग थांबले. पाचव्या-सहाव्या दिवसापासून पेटीत सोडले की इकडेतिकडे हुंगत सरळ जाळीपाशी जायला लागले, अगदी माझ्या माद्यांसारखे. मी स्टॉपवॉच दोनदा तपासलं. दर वेळी उंदीर पेटीत सोडण्याआधी उताणा करून पाहिला, कारण माझा स्वतःवर विश्वास बसत नव्हता. नरच होते सगळे. तुम्ही नळाखाली बाटल्या धूत होतात. पाठ माझ्याकडे, मान न वळवता म्हणालात, "हे नर-मादीचं नाय, बेटा. हाताचं हाय." आणि थोड्या वेळानं, "तो आला वापस की त्याच्याकडं माद्या द्या. मोजा घालून. मग कळंल."

मी आकडे नेहमीच्या वहीत लिहिले. लिहू नयेत असं मनात आलं होतं, पण तेवढी हिंमत, किंवा तेवढी लबाडी, अजून माझ्यात आलेली नव्हती. तो मुलगा परत आला त्याच दिवशी सरांनी वही मागवली. आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. त्यांनी त्या दहा दिवसांच्या पानावर बोट ठेवलं.

"हे नर आहेत?"

"हो, सर."

"नर असे वागतात? दोन वर्षं आपण बघतोय, नर असे वागतात का कधी?"

सर उठून ॲनिमल हाऊसमध्ये गेले, आम्ही त्यांच्या मागे. त्यांनी स्वतः उजवीकडचे चार-पाच उंदीर उलटे करून पाहिले. नर होते. तेव्हा सर म्हणाले, म्हणजे मध्ये माद्या आल्या होत्या आणि साफसफाईच्या वेळी परत जागेवर लागल्या. ते माद्यांसारखे वागले, त्याअर्थी त्या माद्याच होत्या. हा युक्तिवाद मी नंतर वर्गात कितीतरी वेळा फळ्यावर मांडून दाखवला, असा विचार करू नये याचं उदाहरण म्हणून. कुणाचा ते न सांगता. सर वाईट माणूस नव्हते. त्यांचा शोधनिबंध छापायला गेला होता, माझा प्रबंध त्याच आकड्यांवर उभा होता, आणि माणूस ज्या फांदीवर बसला आहे ती पोकळ असल्याचं त्याला सहसा दिसत नाही. तुम्ही दाराशी उभे होतात. सर तुमच्या बाजूनं बाहेर पडले. खोलीत परत आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तू स्वतः तपासले होतेस का? प्रत्येक?"

आता हे नीट लिहायला हवं. तपासले होते म्हटलं असतं तर दोन गोष्टी बाहेर आल्या असत्या. एक, मी नर हातात घेतले, उताणे केले, पाहिले. शेजारी तो मुलगा उभा होता. ही लाज खरी होती, आणि कित्येक वर्षं मी स्वतःला तेच कारण सांगितलं. दुसरी गोष्ट, ते आकडे खरे ठरले असते, आणि मग दोन वर्षांचं काम पुन्हा पहिल्यापासून. माझ्याकडे दोन वर्षं नव्हती. वडिलांनी मुदत दिली होती: प्रबंध झाला तर नोकरी, नाही तर बघितलेलं स्थळ. मी म्हटलं, "नाही, सर. पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या चाचा लावतात." इथं थांबले असते तरी चाललं असतं. सर म्हणाले, चाचा इतकी वर्षं लावताहेत, कधी चुकले नाहीत. तेव्हा मी म्हटलं, "सर, त्यांना मराठी वाचता येत नाही."

हे विभागात कुणालाच माहीत नव्हतं. तुमची शाळा निजामाच्या राज्यात झाली, उर्दूत. पोलीस ॲक्शननंतर सरकारी कागद बदलले तेव्हा तुम्ही बापई गडी होतात, जनावरांच्या दवाखान्यात लागलेले. तिथून कॉलेजात आलात तेव्हा कुणीतरी विचारलं, मराठी येतं ना, आणि तुम्ही हो म्हणालात. बोलता येत होतं, ते खोटंही नव्हतं. सही तुम्ही चित्र काढावं तशी गिरवून शिकला होतात. नोटीस आली की चष्मा घरी राहिला म्हणायचं आणि कुणाकडून तरी ऐकून घ्यायची. माझ्या लक्षात आलं ते एकदा तुम्ही चष्मा डोळ्यांवर असतानाच चष्मा राहिला म्हणालात म्हणून. मी हसले, तुम्हीही हसलात, मग गंभीर झालात आणि म्हणालात, "कुणाला बोलू नको बेटा. रोटी हाय ही." तेव्हापासून नोटिसा मी वाचून दाखवायची. चिठ्ठ्यांचा आणि वाचण्याचा तसा काही संबंधही नव्हता. प्रत्येक उंदराच्या कानाला तुम्ही केलेली खूण होती, आणि ती नसती तरी तुम्ही त्यांना चालण्यावरून ओळखलं असतंत. चिठ्ठ्या आम्हाला लागत होत्या.

पुढच्या सोमवारी तुम्ही गेटवर होतात, मराठी वाचता येत नाही असं कारण सांगून पाठवलेले. पगार तोच, म्हणून सगळ्यांना वाटलं की सरांनी सांभाळून घेतलं. ते दहा दिवस वहीतून लाल रेघ मारून काढून टाकले. ती रेघ सरांनी मारली नाही, मला मारायला लावली, आणि मी पट्टी घेऊन सरळ मारली. माझा प्रबंध वेळेत झाला. मी रोज सायकलवरून गेटातून जात होते आणि तुम्ही रोज हात वर करत होतात. कधी विचारायचात, "कशी हाईत लेकरं?" मी म्हणायची, बरी आहेत. ती बरी नव्हती. तुमच्या जागी आलेला माणूस पिंजऱ्यावर काठी वाजवायचा, आणि काही दिवसांनी माझ्या माद्याही कोपरा धरायला लागल्या. मी ते पाहिलं, पण तोवर आकडे गोळा करून झाले होते.

मग मला परगावी नोकरी लागली. लग्न झालं नाही, हे वडिलांना शेवटपर्यंत लागून राहिलं, मला फारसं नाही. पंधरा-सोळा वर्षांनी मी इथं परत आले, तेही सरांच्याच खुर्चीवर. तोवर सर गेले होते. पहिल्या वर्षी मी मुलामुलींचे हात बदलले. कुणी कुठला उंदीर उचलायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. मग तुम्ही सांगितला होता तोच प्रयोग लावला. निम्म्या माद्या हातमोज्यानं शेपटीला धरून, निम्मे नर उघड्या तळहातावर. मोज्याच्या माद्या कोपऱ्यात बसल्या, तळहातावरचे नर जाळीपाशी गेले. थोडा फरक तरीही उरला, तो काही केल्या जाईना. त्यातला किती त्यांचा आणि किती आमचा, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मेंदूतला तो पुंजका हात बदलून लहान-मोठा होत नाही, तो आहे तसा आहे. मोज्याची ती गोष्ट मी एका टिपणात छापली. जुन्या निष्कर्षात हाताळणीचा विचार झाला नव्हता, असं त्यात सौम्य शब्दांत लिहिलं. शेवटी आभाराच्या ओळीत 'प्राणीगृहातील कर्मचारी' एवढंच आहे. तुमचं नाव लिहिलं असतं तर कारणही लिहावं लागलं असतं.

टिपण छापून आलं तेव्हा त्याची एक प्रत घेऊन खुलताबादला गेले. तुमचा मुलगा दर्ग्याच्या रस्त्याला बांगड्यांच्या दुकानात भेटला. त्यानं सांगितलं, अब्बांना जाऊन सात वर्षं झाली. मला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. म्हणाला, "अब्बा लई नाव काढायचे तुमचं. म्हणायचे, मेरी एक बेटी डॉक्टर झाली." मी चहा घेतला. प्रत पर्समधून बाहेर काढलीच नाही.

आता एक गोष्ट राहिली आहे. मी परगावी असताना तुमचं पोस्टकार्ड आलं होतं. मराठीत. गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं वहीत लिहावी लागतात म्हणून तुम्ही त्या वयात अक्षरं शिकला होतात, नातीच्या पाटीवर. अक्षर मोठं, वेलांट्या उलट्या, पण सगळं लागत होतं. "बेटा, आता मी स्वतः वाचतो आणि लिहितो. एक विचारायचं होतं. ते दहा दिवस खरे होते का? सगळे म्हणतात माझ्या हातून नर-मादी मिसळले. मला आठवत नाही तसं. पण आता मलाही वाटतं की चूक झाली असेल. तुला माहीत असेल. कळव."

पुढं बरीच वर्षं मी मनाशी म्हणत राहिले की प्रयोग पुन्हा करून बघितल्याशिवाय उत्तर कसं द्यायचं, शास्त्राच्या माणसानं असं घाईनं काही लिहू नये. प्रयोगाची गरज नव्हती. त्या दहा दिवसांतला प्रत्येक नर मी स्वतः पाहिलेला होता. चूक तुमची नव्हती, एवढंच लिहायचं होतं, आणि ते मी लिहायला घेतलंही होतं. पत्ता आधी लिहिला. मग मनात आलं की आता हे कार्ड तुम्ही कुणाकडून वाचून घेणार नाही, स्वतः वाचाल, स्वतः उत्तर लिहाल, आणि त्या उत्तरात विचाराल की मग मराठीचं सरांना कुणी सांगितलं. ते मला सांगायचं नव्हतं. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचंही उत्तर मी दिलं नाही.